टाकलेली वस्तू कोणाची?



पर्यावरण हा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे झाडे येतात. ५ जूनला शाळेत रोपे लावली जातात, फोटो काढले जातात आणि पुष्कळदा पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यांत नवी रोपे लागतात. झाडे लावणे चांगलेच आहे. पण आजच्या पाठासाठी आपण घराच्या जवळ येऊ या, अगदी स्वयंपाकघरातल्या बादलीपर्यंत. कर्वेनगरमधल्या प्रत्येक घरातून रोज सकाळी काहीतरी बाहेर जाते. ते कोठे जाते, कोणाच्या हातून जाते आणि तेथे पोहोचल्यावर कोणाला सोसावे लागते, हा आजचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधता शोधता आपल्या परिसरात पर्यावरणासाठी काम करणाऱ्या काही संस्थांचीही ओळख करून घेऊ.

१. 'टाकणे' म्हणजे काय?

मराठीत 'टाकणे' हे क्रियापद आपण सहज वापरतो. पत्र पेटीत टाकतो, मुलाला शाळेत टाकतो, आमटीत मीठ टाकतो. या सगळ्या ठिकाणी टाकलेली वस्तू कोठे पडणार हे आपल्याला ठाऊक असते. कचरा टाकताना मात्र 'कोठे' हा शब्द गळून पडतो. 'टाकून दे' एवढे म्हटले की काम झाले.

येथे थोडा विचार केला पाहिजे. वस्तू माझी असते तोपर्यंत मी तिचा मालक असतो. ती टाकली की माझी मालकी संपते. पण मालकीबरोबर माझी जबाबदारीही संपते का? तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी असे शिकविले, की माणसाने वस्तू स्वतःच्या म्हणून बाळगायला हरकत नाही, मात्र त्या वापरताना त्या सर्वांसाठी आहेत हे त्याने विसरू नये. वापराला हा नियम लागू असेल, तर वापर संपल्यानंतरच्या उरलेल्या वस्तूलाही तो लागू व्हायला हवा. फायदा माझा आणि उरलेला त्रास दुसऱ्याचा, असे विभाजन न्यायाचे नाही.

दुसरी गोष्ट. केळीची साल, जुने वर्तमानपत्र आणि फुटलेली बाटली या तीन वस्तू वेगवेगळ्या ठेवल्या, तर त्यांतली एकही कचरा नाही. साल म्हणजे उद्याचे खत, वर्तमानपत्र म्हणजे उद्याचा पुठ्ठा, बाटली म्हणजे उद्याची काच. या तिन्ही आपण एका पिशवीत कोंबल्या की साल कागदाला भिजवते, काच सालीत लपते, आणि तिन्ही निरुपयोगी होतात. सेमिनरीत आम्हांला अरिस्टॉटलचा द्रव्य आणि रूप यांचा विचार शिकविला जाई. द्रव्य तेच राहते, रूप बदलते. कचरा हे आपण वस्तूंना दिलेले रूप आहे, आणि ते आपणच, बहुतेक वेळा दोन सेकंदांच्या आळसाने, देत असतो.

२. कोथरूडहून उरुळीकडे

आपल्यापैकी जी मंडळी तीस-चाळीस वर्षांपूर्वीपासून या भागात राहतात, त्यांना पौड रस्त्यावरचा कोथरूडचा कचरा डेपो आठवत असेल. त्या वेळी कोथरूड आणि कर्वेनगर हे शहराचे टोक होते. मग वस्ती वाढली, सोसायट्या उभ्या राहिल्या, जागेचे भाव चढले. शहराला आपल्या दाराशी कचरा नकोसा झाला. डेपोची ती जागा पुढे मेट्रोच्या डेपोसाठी वापरली गेली. आज वनाजला मेट्रोत बसणाऱ्या तरुणाला आपण कशाच्या शेजारून जात आहोत याची कल्पनाही नसते.

आपल्या दारातला डेपो गेला, पण कचरा थांबला नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून पुण्याचा कचरा शहराच्या दुसऱ्या टोकाला, सासवड रस्त्याकडे, उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांत जाऊ लागला. डेपोची जागा वाढत वाढत १६३ एकरांपर्यंत गेली. ही दोन्ही शेतकऱ्यांची गावे. ओला आणि सुका कचरा एकत्र साठला की खालच्या थरांना हवा मिळत नाही. हवेशिवाय कुजताना त्यातून मिथेन वायू निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो, शिवाय पेटही घेतो. पावसाचे पाणी त्या ढिगातून झिरपते तेव्हा काळसर, घाण पाणी तयार होते आणि जमिनीत उतरते. उरुळी आणि फुरसुंगीच्या लोकांनी आपल्या विहिरींचे पाणी असे बिघडताना पाहिले. गावकऱ्यांनी अनेकदा कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली. त्यानंतर गावकऱ्यांनी आंदोलन केले आणि सुमारे तीन आठवडे शहराचा कचरा तेथे जाऊ दिला नाही. त्या दिवसांत पुण्याच्या पेठांत आणि उपनगरांत कंटेनर भरून वाहत होते. तेव्हा पुणेकरांची तक्रार एकच होती, 'कचरा का उचलत नाहीत?' तो उचलून कोणाच्या विहिरीशेजारी नेतात, हे विचारणारे थोडे होते.

येथे कोणाला दोषी ठरविण्याचा हेतू नाही. पण हिशेब स्वच्छ असावा. आपल्या भागातून कचरा डेपो गेला म्हणजे आपला प्रश्न सुटला, असे नाही. तो दुसऱ्याच्या गावी पोहोचला.

३. हिंगण्याच्या माळावरून कचराकुंडीपर्यंत

आपल्या वस्तीचे जुने नाव हिंगणे बुद्रुक. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि १९०० च्या सुमारास तो हिंगण्याच्या माळावर एका साध्या झोपडीत आणला. ज्या विधवांना घरानेच टाकून दिले होते, त्यांना अण्णांनी येथे शिकविले. 'टाकून दिले' हाच शब्द तेव्हा माणसांसाठी वापरला जात होता. १९१६ मध्ये हिंगण्यातच त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. १९२० मध्ये ठाकरसी कुटुंबाच्या देणगीनंतर त्याला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले, आणि आपण त्याला एस.एन.डी.टी. म्हणून ओळखतो. अण्णांना १९५८ मध्ये भारतरत्न मिळाले आणि त्यांच्या नावावरून आपल्या वस्तीला कर्वेनगर हे नाव मिळाले.

ही माहिती आपल्याला शाळेपासून आहे. तिचा पुढचा धागा मात्र फारसा ठाऊक नसतो. १९९० च्या सुमारास याच विद्यापीठाच्या पुण्यातील प्रौढ शिक्षण विभागातील कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्या मुलांना आणि स्त्रियांना शिकविण्यासाठी गेल्या. त्या त्यांच्याबरोबर कचराकुंड्यांवर फिरल्या. तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की या बाया पहाटेपासून उकिरड्यात हात घालून जे शोधतात, ते लोकांनी घरातच वेगळे ठेवून हातात दिले, तर त्यांचे श्रम वाचतील, हात कापले जाणार नाहीत, माल स्वच्छ मिळेल आणि चार पैसे जास्त मिळतील. कागदावर साधी दिसणारी ही कल्पना अमलात आणण्यासाठी कार्यकर्त्या घरोघरी गेल्या, आणि विद्यापीठाने त्या स्त्रियांना ओळखपत्रे दिली. त्याआधी त्यांना सोसायटीच्या फाटकातून आत घेत नसत. चोर म्हणून हटकत असत.

काम बसू लागले तेव्हा एका खासगी व्यावसायिकाने त्याच भागात गाडीने घरोघरचा कचरा नेण्याची योजना आणली. म्हणजे ज्यांनी वर्षानुवर्षे हे काम केले त्यांच्या तोंडचा घास जाणार होता. वेचक स्त्रियांनी विरोध केला. त्यातून संघटनेची गरज स्पष्ट झाली आणि १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कचरावेचकांची परिषद भरून 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही कामगार संघटना उभी राहिली. डॉ. आढावांनी त्याआधी हमालांची संघटना बांधली होती. जे पाठीवर ओझे वाहतात त्यांना 'कष्टकरी' म्हणायचे, ही त्यांची भाषा. संघटनेच्या नावातच तीन वस्तू आणि एक ओळख आहे: कागद, काच, पत्रा आणि कष्टकरी. त्यात 'कचरा' हा शब्द नाही, हे ध्यानात घ्या.

या संघटनेच्या प्रयत्नांमुळे १९९० च्या दशकाच्या मध्यावर पुणे आणि पिंपरी-चिंचवड महानगरपालिकांनी वेचकांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. पुढे पुणे महानगरपालिकेने त्यांच्यासाठी वैद्यकीय विमा सुरू केला. देशपातळीवर २०१६ च्या घनकचरा नियमांत कचरावेचकांना यंत्रणेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकण्यात आली. म्हणजे ज्यांना एके काळी फाटकाबाहेर उभे केले होते, त्यांचे नाव कायद्यात आले.

४. 'स्वच्छ'चे काम कसे चालते?

२००० च्या केंद्रीय नियमांनी घरोघर कचरा गोळा करणे हे नगरपालिकांचे काम ठरविले. पुण्यात त्यासाठी २००५ च्या सुमारास प्रयोग झाला आणि त्यातून 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था स्थापन झाली. २००८ मध्ये महानगरपालिकेशी तिचा पहिला पाच वर्षांचा करार झाला. आज तिचे सभासद तीन हजारांहून अधिक आहेत. त्यांत स्त्रिया बहुसंख्य आहेत आणि बहुतेक जण दलित समाजातले आहेत.

सकाळी आपल्या दारात बादली घेऊन येणाऱ्या ताई याच व्यवस्थेचा भाग आहेत. त्यांचे उत्पन्न दोन वाटांनी येते. एक, प्रत्येक घराने दरमहा द्यायचे शुल्क. दुसरी, सुका माल विकून मिळणारा पैसा. ओला कचरा त्या महानगरपालिकेच्या गाडीपर्यंत पोहोचवितात किंवा सोसायटीतच खत होत असेल तर तेथे टाकतात. सुका कचरा मात्र त्या बसून निवडतात. पुठ्ठा वेगळा, पांढरा कागद वेगळा, वर्तमानपत्र वेगळे, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, कडक प्लास्टिक वेगळे, पत्रा, काच, बाटलीचे झाकण वेगळे. मग तो माल भंगारच्या दुकानात, तेथून ठोक व्यापाऱ्याकडे आणि शेवटी कारखान्यात जातो. कोणते प्लास्टिक कोणते हे त्या बोटांच्या स्पर्शाने आणि आवाजाने ओळखतात. वेफर्सच्या चकचकीत पाकिटाला भंगारात भाव येत नाही, कारण त्यात वेगवेगळे थर चिकटविलेले असतात आणि ते सुटे करणे परवडत नाही. हे ज्ञान कोणत्याही पदवीत मिळत नाही, आणि त्यावर शहराच्या पुनर्वापराचा सारा पाया उभा आहे.

आता आपली बाजू पाहा. आपण सगळे एकत्र करून दिले तर त्या ताईंना ते पुन्हा उघडून हाताने वेगळे करावे लागते. भिजलेला पुठ्ठा कमी भावात जातो किंवा जातच नाही. फुटलेली काच कागदात गुंडाळलेली नसेल तर तळहात फाटतो. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि लहान मुलांचे डायपर उघडे टाकले तर काय होते, हे वेगळे सांगायला नको. त्यासाठी 'स्वच्छ'ने 'लाल ठिपका' ही साधी पद्धत सुचविली. अशा वस्तू जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळाव्यात आणि वरून लाल ठिपका काढावा, म्हणजे घेणाऱ्याला न उघडता कळते. वेचक स्त्रियांनी स्वतः जुन्या कागदांच्या अशा पिशव्या करून विकल्याही. एक लाल ठिपका काढायला किती वेळ लागतो? पण तो काढला की दुसऱ्या बाजूला एक माणूस आहे याची आपल्याला जाणीव आहे, हे त्या ताईंना कळते.

या व्यवस्थेला अडचणीही आल्या. पहिला करार संपल्यानंतर काही काळ तिला मुदतवाढीवर राहावे लागले. दुसरा करार २०१६ मध्ये सुरू होऊन डिसेंबर २०२० मध्ये संपला, तेव्हा हे काम ठेकेदारांच्या गाड्यांना द्यावे की वेचकांकडेच ठेवावे यावर शहरात वाद झाला. गाडीचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. गाडी वेगाने फिरते, तिला ऊन लागत नाही. पण गाडी निवडत नाही. ती उचलते आणि नेऊन ओतते. ठेकेदाराला वजनावर पैसे मिळत असतील तर कचरा कमी होण्यात त्याचा फायदा नाही. वेचक ताईंचे पोट मात्र नेमके वेगळे केलेल्या मालावर चालते. ज्या व्यवस्थेत गरिबाचे हित आणि जमिनीचे हित एकाच दिशेला असते, ती व्यवस्था टिकवावी. पर्यावरणाच्या कोणत्याही योजनेकडे पाहताना ही कसोटी वापरता येईल.

५. ओल्या कचऱ्याचे काय?

सुक्या कचऱ्याला भाव आहे. ओल्याला बाजारात भाव नाही, आणि डेपोत सगळ्यांत जास्त नुकसान तोच करतो. म्हणून तो शक्यतो घराच्या किंवा सोसायटीच्या बाहेर जाऊच नये.

येथेही कर्वे हे नाव पुन्हा भेटते. महर्षी कर्व्यांचे नातू, दिनकर आणि इरावती कर्वे यांचे पुत्र डॉ. आनंद कर्वे हे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी १९९६ मध्ये पुण्यात 'ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट' म्हणजे 'आरती' ही संस्था सुरू केली. उसाच्या पाचटापासून कांडी कोळसा करण्याच्या कामासाठी या संस्थेला २००२ मध्ये आणि घरगुती बायोगॅस संयंत्रासाठी २००६ मध्ये लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. बायोगॅस म्हटले की आपल्याला गोठा आणि शेण आठवते. डॉ. कर्वे यांनी वेगळा विचार केला. शेण म्हणजे गाईने पचवून उरलेले. त्यातले सत्त्व बरेचसे आधीच गेलेले असते. मग जिवाणूंना थेट भात, पोळी, पीठ, खराब झालेली फळे असे पिष्टमय खरकटे दिले तर? संस्थेच्या सांगण्यानुसार जेथे शेण चाळीस किलोंच्या आसपास लागते, तेथे असे खरकटे दोनच किलो पुरते. त्यामुळे संयंत्र लहान झाले आणि शहरातल्या गच्चीवर बसू लागले.

प्रत्येकाला गॅसचे संयंत्र जमेल असे नाही. खत मात्र सर्वांना जमेल. छिद्रे पाडलेली बादली किंवा माठ घ्यावा, तळाशी नारळाच्या शेंड्या आणि वाळलेली पाने घालावीत. त्यावर भाजीचे देठ, साली, चहाचा चोथा टाकावा, आणि प्रत्येक थरावर मूठभर कोरडी पाने किंवा जुने खत पसरावे. चार-पाच दिवसांनी हलवावे. वास आला तर समजावे की पाणी जास्त झाले किंवा हवा कमी पडली. अशा वेळी कोरडी पाने घालावीत. दोन-तीन महिन्यांत माती हाताला लागते. सोसायट्यांसाठी तर महानगरपालिकेची सवलत आहे. गांडूळखत, सौरऊर्जा आणि पावसाचे पाणी जिरविणे यांपैकी एक प्रकल्प असेल तर मिळकतकरात ५ टक्के आणि एकाहून अधिक असतील तर १० टक्के सूट मिळते. अट एवढीच, की प्रकल्प खरोखर चालू हवा. अनेक इमारतींत खताचे खड्डे नकाशावर आहेत आणि त्यांवर आज स्कूटर उभ्या आहेत.

संपूर्ण प्रभाग मिळून हे करू शकतो का? २०१०-११ च्या सुमारास कात्रज प्रभागात 'जनवाणी' ही संस्था, महानगरपालिका आणि 'स्वच्छ' यांनी मिळून 'शून्य कचरा प्रभाग' हा प्रयोग केला. घरोघर जाऊन समजाविले, वेगळा कचरा घेतला आणि ओल्या कचऱ्यावर प्रभागातच प्रक्रिया सुरू केली. या प्रयोगातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. एकदा समजावून भागत नाही. भाडेकरू बदलतात, घरकाम करणाऱ्या मावशी बदलतात, उत्साह ओसरतो. सवय ही शेतीसारखी असते, दर हंगामात पुन्हा पेरावी लागते.

६. जे मोरीतून जाते

काही कचरा बादलीत न जाता मोरीतून जातो. कपड्यांचा साबण, फरशीचे फिनेल, संडास स्वच्छ करण्याचे ॲसिड, शॅम्पू हे सारे शेवटी मुठेकडे निघते. आपल्या वस्तीच्या कडेने वाहणारी ही नदी राजाराम पुलावरून जाताना आपण नाक मुरडून पाहतो. पुलाच्या पलीकडच्या विठ्ठलवाडीत 'जीवितनदी' ही संस्था काम करते. २०१४ च्या सुमारास काही पुणेकरांनी ती सुरू केली. नदीचा एक छोटा भाग दत्तक घ्यायचा, तेथे नियमाने जमायचे, किनारा साफ करायचा, पाण्याची आणि पक्ष्यांची नोंद ठेवायची, ही तिची एक बाजू. दुसरी बाजू घरातली आहे. रिठा, शिकेकाई, बेसन, लिंबू, चिंच अशा घरच्या वस्तूंनी धुणे-भांडी आणि अंग स्वच्छ करता येते, हे ती शिकविते. आपल्या आज्या हेच करत होत्या, तेव्हा त्याला पर्यावरण म्हणत नसत.

या कामाच्या मागे पुण्याची जुनी परंपरा आहे. पक्षितज्ज्ञ प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये 'इकॉलॉजिकल सोसायटी' स्थापन केली आणि निसर्गाचे पुनरुज्जीवन कसे करावे याचे शिक्षण देण्यास सुरुवात केली. गोळे २०१३ मध्ये गेले, पण तेथे शिकलेल्यांनी पुढे वेगवेगळी कामे उभी केली. शेजारच्या वारज्यात वनखात्याच्या जमिनीवर 'टेर पॉलिसी सेंटर' या संस्थेच्या सहभागाने शहरी वन उभे राहिले. २०२० मध्ये केंद्र सरकारने 'नगर वन' योजना जाहीर केली तेव्हा वारज्याचे उदाहरण देशापुढे ठेवले गेले.

७. चर्चचा याच्याशी काय संबंध?

असा प्रश्न काहींच्या मनात येईल. मराठी ख्रिस्ती माणसाला त्याचे उत्तर वसईत मिळते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बांधकामाचे संकट आले, विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'हरित वसई संरक्षण समिती'च्या माध्यमातून लोकांना एकत्र आणले. त्या लढ्यात सर्व धर्मांची माणसे होती. 'सुवार्ता' मासिकाचे अनेक वर्षांचे हे संपादक २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २५ जुलै २०२४ रोजी प्रभूघरी गेले. पाणी आणि जमीन वाचविणे हे गरिबांचे जगणे वाचविणे आहे, हे त्यांनी आचरणातून दाखविले.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लौदातो सी' या परिपत्रकात हीच गोष्ट साऱ्या जगापुढे ठेवली. वस्तू फेकून देणारी संस्कृती माणसांनाही फेकून देते, आणि जमिनीची व गरिबांची हाक वेगवेगळी ऐकता येत नाही, हा त्यातील एक मुख्य विचार. उरुळीची विहीर आणि वेचक ताईंचा कापलेला तळहात यांकडे पाहिले की तो विचार समजायला कठीण जात नाही. भाकरींच्या चमत्काराची कथा आपण दरवर्षी ऐकतो. पाच हजार लोक जेवल्यावर येशूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला लावले आणि बारा टोपल्या भरल्या. ज्याला भाकरी वाढविणे शक्य होते, त्यालाही उरलेले वाया गेलेले चालले नाही.

८. दोन शंका

पहिली शंका: 'आम्ही महिन्याचे पैसे देतो, मग वेगळे करण्याचे काम आमचे का?' पैसे दारातून नेण्याच्या सेवेचे आहेत. दुसऱ्याने आपले खरकटे हाताने उपसावे याचे नव्हेत. डॉक्टरांची फी दिली म्हणून आपण औषध न घेता त्यांना दोष देत नाही.

दुसरी शंका: 'मी एकट्याने करून काय होणार? शेवटी गाडीत सगळे एकत्रच करतात.' काही ठिकाणी तसे होते, हे खरे आहे, आणि तेथे नागरिकांनी प्रभाग कार्यालयात जाऊन विचारलेच पाहिजे. पण आपण वेगळा दिलेला सुका माल गाडीत जाण्यापूर्वीच ताईंनी काढून घेतलेला असतो. तेवढा भाग त्याच दिवशी, त्याच घरापुरता, वाचलेला असतो. कुंडीत जिरविलेल्या सालींबद्दल तर शंकेला जागाच नाही.

९. आपल्या धर्मग्रामात काय करता येईल?

(१) घरी ओला, सुका आणि लाल ठिपक्याचा असे तीन भाग आजपासून करावेत. फुटलेली काच कागदात गुंडाळून, सांगून द्यावी.

(२) दारात येणाऱ्या ताईंचे किंवा दादांचे नाव विचारावे आणि नावाने हाक मारावी. 'कचरेवाली आली' असे मुलांसमोर म्हणू नये. कचरा आपण करतो, त्या तो निस्तरतात. शुल्क वेळेवर द्यावे, नाताळला गोडधोड देताना त्यांना आठवावे.

(३) चर्चच्या सणाला आणि लग्नाच्या जेवणाला थर्माकोल व प्लास्टिकची ताटे वापरू नयेत. महाराष्ट्रात २०१८ पासून त्यांवर बंदी आहे. स्टीलची ताटे घ्यावीत आणि धुण्याचे काम युवकांनी वाटून घ्यावे.

(४) २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणासाठी कबरींवर खरी फुले वाहावीत, प्लास्टिकची व चमकीची चक्रे नकोत. वेदीवरची सुकलेली फुले आवारातच खतासाठी जावीत.

(५) प्रत्येक लहान ख्रिस्ती समूहाने आपल्या सोसायटीच्या पुढील सभेत खतप्रकल्पाचा विषय मांडावा. बंद खड्डा असेल तर तो पुन्हा सुरू करणे हे नवा खणण्यापेक्षा सोपे असते.

समूहात चर्चेसाठी प्रश्न

• आपल्या घरातून काल बाहेर गेलेल्या पाच वस्तू आठवा. प्रत्येक वस्तू आता कोठे असेल?

• आपल्या इमारतीत कचरा नेणाऱ्या व्यक्तीला पाणी पिण्यासाठी आणि हात धुण्यासाठी जागा आहे का?

• कोथरूडचा डेपो उरुळीला गेला. आपल्या कुटुंबात किंवा समाजात असा कोणता भार आपण दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवला आहे?

• या महिन्यात आपला समूह कोणती एक गोष्ट बदलेल, आणि ती झाली की नाही हे पुढच्या महिन्यात कोण पाहील?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवावे, आणि त्याखाली एका व्यक्तीचे नाव असावे. पुढच्या महिन्याच्या बैठकीत सुरुवात त्या कागदापासून करू या.

आपला,
धर्मगुरू